कलाविचाराची इंग्रजी शब्दसंपदा आणि ग्वाल्हेरचा मराठी जिज्ञासू
(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा दाखविणारा वाटाड्या दर्शनी भागासमोर क्षणभर थांबतो आणि एका दमात तीन शब्द सांगून टाकतो : तळमजला टस्कन, मधला इटालियन डोरिक, वरचा कोरिंथियन. पाहुणे माना डोलावतात आणि झुंबरे पाहावयास आत वळतात. ही वास्तू १८७४ साली, जयाजीराव शिंदे यांच्या कारकिर्दीत, मायकेल फिलोज यांच्या आराखड्याबरहुकूम उभी राहिली, ही माहितीही कोणी वहीत टिपून घेतो. मात्र बाहेर पडल्यावर त्यांनाच विचारावे की, खालच्या खांबांत आणि वरच्या खांबांत कोणता फरक दिसला, तर उत्तर सहसा मिळत नाही. शब्द कानांत गेले, डोळ्यांपर्यंत ते पोहोचलेच नाहीत. कला, वास्तू आणि साहित्य यांविषयी बोलण्यासाठी लागणारी इंग्रजी शब्दसंपदा आपल्याकडे बहुधा अशीच शिकली जाते, म्हणूनच ती परीक्षा संपताच गळून पडते.

वस्तुतः ते तीन शब्द अवघड नाहीत. टस्कन म्हणजे सर्वांत साधा खांब : अंगावर पन्हळी नाहीत, माथ्यावर कोरीव काम नाही, पायाशी साधी बैठक. डोरिकही प्रकृतीने साधाच, परंतु त्याच्या वरच्या आडव्या पट्टीत तीन-तीन उभ्या रेघांचे ठोकळे ठरावीक अंतराने येतात. कोरिंथियन खांबाच्या माथ्यावर अ‍ॅकँथस नावाच्या काटेरी वनस्पतीची पाने उमललेली असतात. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन वास्तुविद व्हिट्रुव्हियस याने या पानांची एक कथा दिली आहे. कोरिंथ नगरीतील एक मुलगी अकाली वारली. तिच्या आवडीच्या वस्तू एका टोपलीत भरून दाईने ती टोपली थडग्यावर ठेवली आणि वर एक कौल झाकले. टोपलीखाली अ‍ॅकँथसचे मूळ होते. वसंतात पाने फुटली, टोपलीच्या कडांनी वर चढली आणि कौलाच्या कोपऱ्यांशी अडून बाहेर वळली. कॅलिमाकस नावाच्या शिल्पकाराने ते पाहिले आणि स्तंभशीर्षाचा नवा घाट त्याला सापडला. कथा खरी असो वा रचलेली, ती एकदा ऐकल्यावर कोरिंथियन हा शब्द विसरणे कठीण. टोपली, पाने आणि वरचे कौल ही तिन्ही अंगे स्तंभशीर्षात बोटाने दाखविता येतात.

या खांबांच्या प्रकारांना इंग्रजीत 'ऑर्डर' म्हणतात. कोशात या शब्दासमोर आज्ञा, क्रम, सुव्यवस्था असे अर्थ दिसतात आणि विद्यार्थी गोंधळतो. येथे ऑर्डर म्हणजे खांबाच्या बैठकीपासून त्याने तोललेल्या आडव्या भागापर्यंतची संपूर्ण प्रमाणबद्ध रचना. खांबाच्या बुडाच्या जाडीवरून त्याची उंची आणि वरच्या पट्ट्यांची मापे काढावयाची, असा तो हिशेब आहे. भारदस्त प्रकार खाली आणि नाजूक प्रकार वर, ही मांडणी रोमच्या कलोसियममध्येही आढळते. एवढे समजले की जयविलासचे तीन मजले एकावर एक रचलेले निव्वळ तीन थर राहत नाहीत. नजर खालून वर चढत जाते, आणि वास्तू हलकी होत गेल्याची जाणीव होते. शब्द शिकावयाचा तो या जाणिवेसाठी.

दुर्दैव असे की, ज्याला टस्कन आणि डोरिक शिकावयाचे आहे, त्याला पुष्कळदा स्वतःच्या आजोबांच्या वाड्यातले शब्दही ठाऊक नसतात. लाकडी खांबाखालचा दगड म्हणजे तळखडा, वरची आडवी लाकडी म्हणजे तुळई, दोन खांबांमधली नक्षीदार कमान म्हणजे महिरप, सुरूच्या झाडासारखा निमुळता होत जाणारा तो सुरूचा खांब, आणि भिंतीत दिवा ठेवण्याची जागा ती देवळी. लष्करातील जुने वाडे पडत गेले तसे हे शब्दही गेले. महिरप हा शब्द अरबी मिहराबपासून आला. मशिदीतील प्रार्थनेची दिशा दाखविणारा कोनाडा मराठी वाड्यात येऊन सोप्याची शोभा झाला. ज्याने महिरप नीट पाहिली आहे त्याला इंग्रजीतील 'कस्प्ड आर्च' समजावून सांगावी लागत नाही. ज्याने ती पाहिलीच नाही, त्याच्यासाठी 'कस्प' हा आणखी एक पाठ करावयाचा शब्द. गवंडी आणि सुतार यांच्या तोंडचे असे शब्द शोधावयाचे असतील तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आजही उपयोगी पडतो. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची आहे, आणि मराठीतून इंग्रजीकडे जाण्याचा तो सर्वांत प्रशस्त रस्ता आहे.

ग्वाल्हेरच्या मराठी मुलापुढे याहून एक निराळी अडचण आहे. ती पुण्या-मुंबईच्या मुलापुढे नसते. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि महाविद्यालयात इंग्रजी, अशा तीन प्रवाहांत तो पोहत असतो. शिक्षा म्हणजे शिक्षण की दंड, चेष्टा म्हणजे प्रयत्न की थट्टा, या गमती येथल्या प्रत्येक मराठी घरात सांगितल्या जातात. साहित्याच्या परिभाषेत मात्र ही गंमत राहत नाही. हिंदीत उपन्यास ती मराठीत कादंबरी. हिंदीत टीका म्हणजे ग्रंथावरील भाष्य, तर मराठीत टीका म्हटले की सामान्य माणसाला दोष काढणे आठवते. इंग्रजी 'सटायर'ला हिंदी समीक्षक व्यंग्य म्हणतो, तर मराठी कानाला व्यंग म्हणजे शरीरातील वैगुण्य. 'क्राफ्ट' या अर्थी हिंदीत शिल्प येते, आणि मराठीत शिल्प म्हणजे प्रामुख्याने मूर्तिकाराची कृती. इंग्रजी शब्दाचा अर्थ हिंदी कुंजीतून घ्यावयाचा आणि घरी मराठीत त्याचा विचार करावयाचा, तर मधल्या मध्ये अर्थ घसरणारच. म्हणून या मुलाने प्रत्येक संज्ञेसाठी दोन्ही देशी प्रतिशब्द शेजारी-शेजारी लिहून ते कोठे वेगळे होतात ते पाहावे. हे कष्ट त्याला अधिकचे पडतात, परंतु त्यातून शब्दाची जी पारख येते ती एकभाषिकाला सहज लाभत नाही.

आता शब्दांच्या कुळकथेकडे वळावे. कलेच्या क्षेत्रातील कित्येक प्रतिष्ठित इंग्रजी संज्ञा जन्मतः शिव्या होत्या. गॉथिक हा शब्द गॉथ नावाच्या रानटी टोळ्यांवरून आला. सोळाव्या शतकात इटलीच्या व्हासारीला मध्ययुगीन इमारती आवडत नव्हत्या, त्यांचे पाप त्याने गॉथांच्या माथी मारले. त्या टोळ्यांचा आणि फ्रान्समधील त्या उत्तुंग प्रार्थनामंदिरांचा वास्तविक काहीही संबंध नव्हता. बरोक हा शब्द बहुधा बेढब मोत्याच्या पोर्तुगीज नावावरून आला. जुन्या गोव्यातील बॉम जेझूच्या चर्चला आज त्याच शब्दाने गौरविले जाते. इंप्रेशनिझम हे नाव १८७४ साली पॅरिसच्या एका वृत्तपत्रातील उपहासात्मक लेखातून रूढ झाले. मराठी विश्वकोशाने त्याला दृक्प्रत्ययवाद म्हटले आहे, आणि शब्द जड असला तरी अर्थाला तो चोख आहे.

मिनिएचर या शब्दाची हकीकत याहून रंजक आहे. मराठीत आणि हिंदीत त्याला लघुचित्र म्हणतात, कारण मिनि म्हणजे लहान असा सर्वांचा समज. प्रत्यक्षात त्याचे मूळ लॅटिन 'मिनियम' या शब्दात आहे, आणि मिनियम म्हणजे शिशापासून होणारा तांबडा रंग, म्हणजेच शेंदूर! युरोपातील हस्तलिखितांत आद्याक्षरे आणि चित्रे या तांबड्या रंगाने सजवीत. चित्रे पानावरची असल्यामुळे लहान असत, म्हणून पुढे शब्दाचा अर्थच लहान असा झाला. मारुतीच्या अंगावरचा शेंदूर आणि इंग्रजी मिनिएचर यांचे असे नाते आहे, हे एकदा कळले की पोथीचित्रे पाहताना नजर आकाराआधी रंगावर जाते.

परंतु सर्वांत सावधपणे हाताळावयाची संज्ञा म्हणजे 'पर्स्पेक्टिव्ह'. लॅटिनमध्ये तिचे मूळ आरपार पाहणे या अर्थाचे आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने तिचे प्रयोग केले, आणि १४३५च्या सुमारास अल्बर्टीने चित्र म्हणजे जणू उघडी खिडकी, अशी कल्पना मांडून तिचे नियम लिहिले. एका जागी उभ्या असलेल्या माणसाला एका डोळ्याने जग जसे दिसेल तसे ते कागदावर उतरविण्याची ही युक्ती आहे. चित्रकलावर्गांत मात्र तिला 'यथार्थदर्शन' म्हणतात, आणि येथेच घोटाळा होतो. मूळ इंग्रजी शब्द हे दर्शन यथार्थ असल्याचा दावा करीत नाही, मराठी शब्द करतो. मग सतराव्या शतकातील एखादे माळव्याचे रागमालाचित्र पाहून विद्यार्थी लिहितो की, या चित्रात यथार्थदर्शन नाही, आणि वाचणाऱ्याला वाटते चित्रकार चुकला. त्या चित्रकाराला नायिकेचा महाल समोरून, शय्या वरून आणि झाड बाजूने दाखवावयाचे होते, कारण प्रत्येक वस्तू तिच्या सर्वांत ओळखीच्या बाजूने यावी हीच त्याची रीत होती. ती उणीव ठरवली जाते ती केवळ एका भाषांतरामुळे. अशा ठिकाणी इंग्रजी शब्द शिकणे म्हणजे मराठी शब्दाची तपासणी करणेही होय.

उलट प्रकारही घडतो, इंग्रजी शब्दच चुकीच्या जागी चिकटतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांना शेकडो पुस्तकांत 'फ्रेस्को' म्हटले गेले आहे. फ्रेस्को म्हणजे इटालियन भाषेत ताजे. गिलावा ओला असतानाच त्यावर पाण्यात कालवलेला रंग द्यावयाचा, म्हणजे चुना सुकताना रंग भिंतीतच पक्का होतो. अजिंठ्याची चित्रे वाळलेल्या लेपावर, बंधक द्रव्य मिसळलेल्या रंगांनी काढलेली आहेत. तेथे फ्रेस्को हा शब्द लागू नाही, 'म्यूरल' म्हणजे भित्तिचित्र हा लागू आहे. बाघच्या लेण्यांतील चित्रांचेही तसेच. बाघ आज मध्य प्रदेशाच्या धार जिल्ह्यात असले, तरी त्या काळी ते ग्वाल्हेर संस्थानात होते. १९२१ साली नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर यांनी तेथे जाऊन चित्रांच्या प्रतिकृती केल्या, आणि १९२७ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने बाघवर जो इंग्रजी ग्रंथ काढला, त्याच्या लेखकांत ग्वाल्हेरच्या पुरातत्त्व खात्याचे एम. बी. गर्दे होते. फ्रेस्को आणि म्यूरल यांतील भेद शिकावयास ग्वाल्हेरकराने दूर जाण्याचे कारण नाही. गुजरी महालातील संग्रहालयात बाघच्या प्रतिकृती आहेत.

'रिलीफ' हा शब्दही ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या उतारावर शिकावा. संकटातून सुटका हा त्याचा अर्थ सर्वांना माहीत असतो, शिल्पात मात्र त्याचा अर्थ पार्श्वभूमीतून वर आलेला उठाव. कातळात कोरलेल्या तेथील जैन मूर्तींपाशी उभे राहून कोणती आकृती खडकातून किती सुटून आली आहे ते पाहावे, म्हणजे 'हाय रिलीफ' आणि 'लो रिलीफ' यांच्या व्याख्या पाठ कराव्या लागत नाहीत. मानमंदिराच्या भिंतीवरील निळ्या फरशांच्या पट्टीत पिवळी बदके ओळीने चालली आहेत. अशा शोभिवंत आडव्या पट्टीला 'फ्रीज' म्हणतात, घरातल्या थंड कपाटाचा आणि तिचा संबंध नाही!

साहित्याकडे येताना एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. चित्र किंवा खांब समोर दाखविता येतो. 'आयरनी' किंवा 'टोन' दाखवावयाचे तर पान उघडून, वाक्य वाचूनच दाखवावे लागतात. म्हणून येथे शब्दाच्या मुळाशी जाणे अधिक उपयोगाचे ठरते. १५८० साली माँतेन या फ्रेंच लेखकाने आपल्या लेखांना 'एसे' म्हटले. त्याचा अर्थ प्रयत्न, चाचपणी. मराठीने त्यासाठी निबंध हा शब्द घेतला, ज्याचा अर्थ नीट बांधलेले. एक शब्द सैल, दुसरा आवळलेला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ साली निघाली, तिच्या खंडनमंडनाला निबंध हेच नाव शोभले. पुढे मोकळ्या, गप्पांच्या वळणाचे लेखन मराठीत आले तेव्हा त्यासाठी लघुनिबंध, ललितनिबंध अशी उपपदे जोडावी लागली. मूळ फ्रेंच शब्दात जो सैलपणा होता, तो मराठीत विशेषणाच्या वाटेने परतला.

'क्रिटिसिझम' या शब्दाच्या मुळाशी ग्रीक भाषेतील निवडणे, वेगळे करणे हा अर्थ आहे. विवेचन या संस्कृत शब्दाच्या मुळाशीही नेमका हाच अर्थ आहे. म्हणजे टीका या शब्दाला चिकटलेला दोषदर्शनाचा वास टाळावयाचा असेल तर विवेचन हा प्रतिशब्द अगदी मुळापासून जुळतो. 'एस्थेटिक्स'ची गोष्ट याहून वेगळी. जर्मन तत्त्वज्ञ बाउमगार्टेन याने १७३५ साली ही संज्ञा वापरली ती इंद्रियसंवेदना या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. शस्त्रक्रियेपूर्वी देतात त्या भुलीचे नाव 'अ‍ॅनेस्थेशिया', तेही त्याच मुळाचे : संवेदनेचा अभाव. सौंदर्यशास्त्र या मराठी शब्दात सौंदर्य आले, संवेदना मात्र अदृश्य झाली. त्यामुळे भयानक किंवा ओंगळ विषयावरच्या कलाकृतीलाही 'एस्थेटिक' मूल्य कसे असेल, हा प्रश्न मराठी विद्यार्थ्याला इंग्रजी विद्यार्थ्यापेक्षा अधिक छळतो.

या सर्व विवेचनात ग्वाल्हेरच्या एका कवीचे स्मरण अपरिहार्य आहे. राजकवी भास्कर रामचंद्र तांबे यांनी टेनिसन आणि ब्राउनिंग हे इंग्रजी कवी आवडीने वाचले. ब्राउनिंगच्या 'ड्रॅमॅटिक लिरिक्स' १८४२ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत कवी स्वतः बोलत नाही, एखाद्या प्रसंगात सापडलेली व्यक्ती बोलते. तांब्यांनी हा प्रकार मराठीत रुजविला तो नाट्यगीत या नावाने. 'लिरिक' या शब्दात लायर नावाचे तंतुवाद्य आहे, नाट्यगीतात गीत आहे. दोन्हीकडे सूर शाबूत राहिला. माळव्यात आणि ग्वाल्हेरच्या ख्यालाच्या छायेत वावरलेल्या कवीच्या हातून हे घडावे यात नवल नाही. नुसत्या लिरिकसाठी मराठीत भावगीत हा शब्द आला, पण आकाशवाणीने आणि ध्वनिमुद्रिकांनी तो गायनप्रकाराकडे ओढून नेला, आणि समीक्षकांना भावकविता म्हणावे लागले. सॉनेटला केशवसुतांनी चतुर्दशक म्हटले होते. टिकला तो सुनीत, कारण तो कानाला सॉनेटजवळचा आणि अर्थाने मराठी होता. शब्द कोण घडवितो याचा निकाल असा वापरातच लागतो.

ज्यांनी ही परिभाषा मराठीत आणली, ते बहुतेक इंग्रजीचे पक्के अभ्यासक होते. बा. सी. मर्ढेकरांनी आपला सौंदर्यविचार आधी इंग्रजीत, १९३७च्या 'आर्ट्स अँड मॅन' या पुस्तकात मांडला आणि नंतर मराठीत. लय हा संगीतातला शब्द त्यांनी सर्व कलांना लावला, आणि संवाद, विरोध, समतोल असे तिचे प्रकार सांगितले. १९७४ साली 'सौंदर्यमीमांसा' लिहिणारे रा. भा. पाटणकर इंग्रजीचे प्राध्यापक. १९६१ साली याच ग्वाल्हेरात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष, आणि त्या पदावर आलेल्या पहिल्या महिला, कुसुमावती देशपांडे याही नागपूरला इंग्रजीच शिकवीत असत. या मंडळींची पुस्तके वाचणे हा इंग्रजी संज्ञा शिकण्याचा आडमार्ग वाटेल, पण तोच जवळचा आहे. इंग्रजी संकल्पना मराठीत आणताना ती कोठे अडली आणि कोठे वाहिली, हे त्यांच्या पानांवर उघड दिसते.

शिकण्याच्या रीतीविषयी दोन शब्द. विद्यार्थी नामांच्या मागे लागतात, खरी कसोटी क्रियापदांची आणि विशेषणांची असते. चित्र एखादी गोष्ट 'डेपिक्ट' करते म्हणजे रेखाटते, 'सजेस्ट' करते म्हणजे सूचित करते, आणि 'इव्होक' करते म्हणजे पाहणाऱ्याच्या मनात जागी करते. ही तीन वेगळी कामे आहेत आणि तिन्हींसाठी 'शो' म्हणणाऱ्याला त्यांतले एकही वेगळे दिसलेले नसते. विशेषणांत काळानुसार किंमत पालटते. 'सेंटिमेंटल' हा अठराव्या शतकात गौरवाचा शब्द होता, १७६८ साली लॉरेन्स स्टर्नने आपल्या पुस्तकाच्या नावातच तो घातला. आज तो भावविवशतेचा आरोप आहे. रंगांबाबत मराठीत सर्वत्र छटा म्हणून भागते, इंग्रजीत पांढरा मिसळला तर 'टिंट' आणि काळा मिसळला तर 'शेड'. हे भेद वहीत लिहिताना आधी वस्तू कोठे पाहिली ते लिहावे, मग तिचे वर्णन स्वतःच्या मराठीत करावे, आणि इंग्रजी शब्दाला शेवटची जागा द्यावी. आठवड्याला पाच शब्द या रीतीने साधले तरी वर्षात अडीचशे होतात, आणि तेवढ्यांवर पुष्कळ चांगले बोलता येते.

प्रत्येक शब्दाला प्रतिशब्द हवाच, असा हट्टही धरू नये. १९१७ साली ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे एका मराठी घरात जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे मोठे कवी आणि समीक्षक झाले, त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे. गजानन माधवांनी 'एक साहित्यिक की डायरी' या पुस्तकात कलानिर्मितीचे तीन क्षण वर्णिले. पहिला उत्कट अनुभवाचा, दुसरा तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून वेगळे रूप घेण्याचा, तिसरा ते रूप शब्दांत उतरण्याचा. दुसऱ्या क्षणातील त्या रूपाला त्यांनी कल्पना म्हटले नाही, स्वप्नही म्हटले नाही. 'फँटसी' हाच इंग्रजी शब्द नागरी लिपीत ठेवला, आणि सबंध 'कामायनी'चे विवेचनही त्याच शब्दाच्या आधाराने केले. कल्पना या शब्दावर संस्कृत आणि मराठी काव्यचर्चेचे इतके संस्कार होते की, त्यांना अभिप्रेत असलेली वास्तवाशी बांधलेली, तरीही वास्तवाहून निराळी अशी गोष्ट त्यात मावत नव्हती. मराठी समीक्षेने त्याच शब्दासाठी कल्पनारम्यता, अद्भुतिका असे पर्याय वापरून पाहिले. या ग्रंथालयाच्या कपाटांत दोन्ही भावांची पुस्तके एकत्र ठेवून ही तुलना एखाद्या वाचकाने करावी. तिच्यासाठी लागणाऱ्या तिन्ही भाषा ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला येतात.